चौकटीची मूठ

रविवार, ४ फेब्रुवारी १९५१

मालोजीराव शिकारीचा सुरा ठेवून गेले. मुठीची लाकडं तडकलीत, नवी बसवायची. पातं उजेडात धरलं आणि ओळखलं — रघुवीरदादाचं! धारेच्या मुळाशी कानशीची तिरपी रेघ. दुसरं कोणी अशी मारत नाही.

ते निघता निघता विचारलं, कुठून आणलात? "मिल गया कहीं से. तुम्ही बस मूठ बसवा, दिनानाथजी."

अंबिकेनं बघितलाच. "मोठ्या भावोजींचा ना?"

मंगळवार, ६

मूठ उघडली. आत तेच! मुठीत शिरणारं पात्याचं शेपूट बोटभर रुंद, तेही अर्ध्यात संपलेलं. ते पितळेच्या चौकटीच्या खाचेत लाखेनं बसवलेलं, आणि चौकटीवर दोन्हीकडून लाकूड. बाहेरून वाटावं, पातंच मुठीच्या टोकापर्यंत गेलंय.

याच चौकटीवरून अकरा वर्षांपूर्वी दरबारी शस्त्रांच्या शिलेखान्यात मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो — "दादा, ही फसवणूक आहे." धाकट्या भावानं! त्यानं कानस खाली ठेवली, नोकरी सोडली, देवासला निघून गेला. तेव्हापासून बोलणं नाही, साधं कार्ड नाही.

माझ्या पद्धतीनंच करणार. शेपटाला पोलाद जोडून मुठीएवढं रुंद करायचं. उद्या भट्टी.

शुक्रवार, ९

भट्टी पेटवलीच नाही. जोड द्यायचा तर तापवावं लागणार, तापवलं की पात्याचं पाणी उतरणार. दादानं चढवलेलं पाणी उतरवायला हात धजेना.

पातं चौकटीसकट बोटावर तोललं. आडवंच राहिलं! माझे सुरे मुठीकडे कलंडतात — आत सगळं पोलादच पोलाद. याची मूठ आतून पोकळ, म्हणून हलकी. खिळे सगळे चौकटीतून, पात्याला एक भोक नाही. लाकूड तडकलं तरी पातं जागचं हललेलं नाही. नवीन लाकूड चढवा, सुरा पुन्हा नवा.

हे त्यानं मला तेव्हा सांगितलं नसेल? सांगितलं असेल. मी कुठला ऐकतोय! लाज वाटली, खरंच.

शनिवार, १०

जुनी चौकट चेपलीय. सियागंजच्या बाजारातून पितळेची पट्टी आणली. दुकानदार म्हणतो, "भिया, एवढी पतली? यात दम काय राहणार?" मी त्याला चांगला पाव तास समजावलं. दादाची बाजू घेऊन! घरी येऊन अंबिकेला सांगितलं तर हसत सुटली.

गुरुवार, १५

चौकट जमली. शिसवीचे दोन तुकडे चढवले. दिवसभर कानस. संध्याकाळी हात आपोआप थांबला — झालं. बऱ्याच दिवसांत इतकं सुख लागलं नव्हतं.

रविवार, १८

मालोजीराव आले. मूठ धरून बघितली. "सुंदर! पण माझ्या हाताला जरा बारीक होते."

त्यांचा पंजा केवढा! आणि मी माप घेतलंच नाही! तीस वर्षांत असं झालं नव्हतं. शिलेखान्यातली रीत होती — ज्यानं पातं घडवलं त्याच्या हातात मूठ द्यायची, तो पुरे म्हणेपर्यंत घासायची. वीस वर्षं मी दादाच्याच हातावर मुठी घासल्या. म्हणून कानस तिथं थांबली. अंगठ्यापाशी खळगासुद्धा वाकडा पडलाय — मोडून वाकडा बसलेला अंगठा दादाचा, मालोजीरावांचा नाही!

म्हटलं, लाकडं बदलतो, दोन दिवस द्या. "नको नको, रहने दो." सुरा पंच्यात गुंडाळून निघूनही गेले. तोंडावर नावं ठेवली नाहीत, एवढंच. फार वाईट वाटलं.

सोमवार, १९

काम केलं नाही.

बुधवार, २१

मालोजीराव सकाळीच दारात. देवासहून आले होते. सुरा त्यांचा नव्हताच. दादानं पाठवला होता, नाव सांगायचं नाही म्हणून बजावून. दोन वर्षं झाली, दादाला दिसत नाही. परवा मूठ त्याच्या हातात दिली. अंगठा खळग्यात गेला. मग म्हणाला — "दिन्याच. त्याला म्हणावं, पुरे."

अंबिका पिशवी भरतेय. अकराची मोटार आहे.