ट्रंकेतली लुगडी

कालिंदी,

मिशनच्या गाडीनं गगनबावड्याला जातोय, शनिवारी येईन. सकाळी दवाखान्याच्या खाटा दुरुस्त करायच्या, ते पगाराचं काम. दुपारनंतर महारोग्यांच्या जखमा बांधायला आपणहून बसतो.

ट्रंकेतली आपल्या आईची लुगडी मी नेलीत. तुला ती आठवण म्हणून हवी होती, पण ती स्वतःच तिथं जुनी लुगडी फाडून पट्ट्या करायची. इरकली लुगडं रेशमाचं, पट्टीला चालत नाही, ते तुला ठेवलंय.

काल तू माझा पेला वेगळा ठेवलास. आई बारा वर्षं तिथून येऊन भाकरी थापायची, ती तू खाल्लीसच की.

मी जायचं थांबवणार नाही. शनिवारी चहा मी करीन, पेले एकत्रच विसळीन. चालत नसेल तर किल्ली शेजारी जरीनाभाभींकडे देऊन जा.

आबा