चादरीवरचा ठिपका

शनिवार, जेवणानंतर

निसर्ग मंडळाने माझ्या कोऱ्या पांढऱ्या चादरीला 'मंडळाचा पडदा' म्हणावे, हा अन्याय इतिहासात नोंदला जावा. असो. चादरीचं दुःख गिळता येईल, मंडळातल्या मिलिंदचं नाही.

संध्याकाळी चऱ्होलीच्या मोकळ्या प्लॉटवर चादर टांगून, समोर दिवा लावून आम्ही पतंग ओळखत होतो. चादरीच्या कडेला काळापांढरा ठिपका दिसला. पक्ष्याच्या शिटेचं सोंग घेणारे पतंग असतात, हे मला माहीत. सगळ्यांना बोलावलं. 'शलभ' या पतंगाच्या संस्कृत नावावर थोडं बोललोसुद्धा. मिलिंदने वाकून काडीने खरवडलं.

"सर, सोंग नाही हो, खरीच शीट आहे." मग मंडळींकडे वळून, "नवीन जात सापडली राव! शास्त्रीय नाव, कावळाविष्ठा."

सगळे हसले. आणि तो समास! काकविष्ठा म्हणाला असता तर एक वेळ माफ केलं असतं.

आता सोडणार नाही. ग्रुपवरच्या त्याच्या प्रत्येक फोटोखाली शुद्धलेखन सुधारणार, सगळ्यांदेखत. 'पतंगांची'वरचा दुसरा अनुस्वार तो नेहमी खातो. पुढच्या वेळी चादरही देणार नाही. पाडू दे उजेड स्वतःच्या लुंगीवर.

पण तो ठिपका. मी चष्मा लावून, हातभर अंतरावरून पाहिला होता. मला पंख दिसले होते. मिशाही दिसल्या होत्या.

उजव्या डोळ्यापुढे हल्ली धुकं असतं. बायकोला सांगितलेलं नाही. डॉक्टर काय म्हणतील याची भीती वाटते.