दैत्य घरात मावत नाही

४ जून
धाकट्याने गेमची लिंक पाठवली. आपणहून! एरवी फोनवर "हं", "बरं", "आईला देतो" याच्यापुढे त्याची गाडी जात नाही. लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली होती हे खरं. पण ती कुणासाठी होती ते मला कळतं.
चार जणांची टोळी लागते. मी, धाकटा, ताई, भावोजी. जंगल, डोंगर पार करून शेवटी ड्रॅगन मारायचा. ड्रॅगन गेला चुलीत. मला धाकट्याला परत बोलता करायचंय. बाबा गेल्यावर घरातला मोठा मी. मी इकडे परदेशात कामाला आल्यापासून हा माझ्याशी धड बोलत नाही म्हणजे काय?
संकल्प: रोज शिफ्टच्या आधी एक तास गेम. तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. शिस्त म्हणजे शिस्त.

५ जून
झोप लागली. उद्यापासून.

६ जून
सगळ्यांच्या आधी आत शिरलो म्हणून कॅप्टन मीच. कोण कुठल्या वंशाचा ते कॅप्टन ठरवतो. डोकं लावून ठरवलं.
एल्फ: टोकदार कान, शेकडो वर्षं जगतात आणि तोंडावर एक सुरकुती नाही. ताईला दिला. खूश होईल. ड्वार्फ: बुटके, दाढीवाले, कुऱ्हाड घेऊन घुसणारे. तो धाकट्याला. माझ्या खांद्याला लागतो, शोभेल. दैत्य: दोन मजली उंच, एका ठोशात भिंत आडवी. तो अर्थातच मी. उरला माणूस. त्याला ना ताकद ना जादू. भावोजींना दिला.
मी माणूस का नाही? माणूस म्हणून लॉन्ड्रीत रोज दहा तास हॉटेलच्या चादरींच्या घड्या करतोच की. जरा सुट्टी नको?

८ जून
धाकट्याचा मेसेज, चक्क दोन ओळींचा. "दादा, मला ड्वार्फ नको. मी आता तुझ्यापेक्षा उंच झालोय." हसलो. मी निघालो तेव्हा खुंटीवरची पिशवी काढायला त्याला स्टूल लागायचं. मग फोटो पाठवला, भावोजींच्या शेजारी उभा. फोटो खालून काढलाय. मी असा फसत नाही.
कळवलं, ड्वार्फला चिलखत जाड मिळतं, तुझ्याच भल्यासाठी आहे, आणि कॅप्टनचा शब्द शेवटचा.
उत्तर आलं: "हं."

११ जून, सकाळ
पहिली लढाई. लांडग्यांची गुहा एका लाथेत साफ. पूलही मोडला. भावोजी पुलावर होते. लढाईत असं होतंच. पण धाकटा हसला. खदाखदा! हेडफोन कानात इतका दाबला की कान दुखला.
मग सगळे जखमा बऱ्या करायला धर्मशाळेत गेले. दरवाजा माझ्या गुडघ्याएवढा. स्क्रीनवर आलं: दैत्य घरात मावत नाही. भावोजी म्हणाले, "मेव्हणे, तुम्ही बाहेरच थांबा, आम्ही आलोच." आणि आवाज बंद. या गेममध्ये ज्या जागी आपण, तिथलंच ऐकू येतं.
शिफ्टची वेळ होईपर्यंत थांबलो. बाहेर कुणीतरी लागतंच. पहारा ही छोटी गोष्ट नाही.

१३ जून
आज परत बाहेर. परत पहारा.
कामावर चादरीच्या दुसऱ्या टोकाला माझा जोडीदार लंबू होता. चादर मोठी, दोघांशिवाय घडी होत नाही. चार कोपरे जुळवायचे, पुढे यायचं, मागे जायचं. मी त्याला दैत्याची ताकद समजावत होतो. तो म्हणाला, "एवढी ताकद आहे तर छप्पर उचलून आत बघ की." विचार करता करता माझं टोक सुटलं. चादर ओल्या फरशीवर. सुपरवायझर म्हणाला, स्वप्नं बघायची तर उशांच्या विभागात जा. सगळे हसले. मीही हसलो, त्याला बरं वाटावं म्हणून.
छप्पर उचलता येत नाही. करून पाहिलं.

१५ जून
दार उघडलं की आतलं थोडं ऐकू येतं. ताई म्हणत होती, "त्याला एवढ्यात नको सांगूस." भावोजी म्हणाले, "किती दिवस लपवणार?" आणि दार बंद.
माझा वाढदिवस ऑगस्टमध्ये. इतक्या आधीपासून तयारी! आपली माणसं ती आपली माणसं. मला काही कळलंच नाही असं दाखवणार.
एक गंमत. मागे कुत्रं भुंकलं ते तिघांच्याही फोनमधून, एकदम. नेटवर्कचा काहीतरी घोळ आहे.

१८ जून
माझ्या खोलीत राहणारा हॉटेलातला आचारी मला खेळताना रोज बघतो. आज म्हणाला, "काय दैत्या, आजही उंबऱ्याबाहेर?" मी म्हणालो, कॅप्टनला बाहेर राहावं लागतं, जबाबदारी असते. तो म्हणाला, "अरे मग माणूस हो ना, कुणी अडवलंय?" रात्रभर कांदे चिरणाऱ्याला नेतृत्व काय कळणार? तसं तोंडावर सांगितलंही. त्याने माझा चहा माझ्यासमोर ठेवला आणि तो झोपायला गेला.

१९ जून
माणूस व्हायचं ठरवलं. आचाऱ्याचा काही संबंध नाही, माझं आधीच ठरलं होतं.
त्यासाठी टोळी सोडावी लागते आणि नव्याने सुरुवात करावी लागते. दोन मिनिटांचं काम. कुणाला सांगितलं नाही. एकदम धर्मशाळेत जाऊन धाकट्याच्या शेजारी बसणार, तोंड बघायचंय त्याचं. मिशी ठेवली. उंची मध्यम.

२० जून
माणसाला सगळं पहिल्यापासून शिकवतात. लाकडं फोडा, विहिरीचं पाणी काढा. दैत्याला कुणी पाणी काढायला सांगत नव्हतं.

२३ जून
शिकून झालं. टोळीत शिरायला बटण दाबलं. आलं: टोळी पूर्ण आहे.
परत दाबलं. तेच. यादी उघडली. एल्फ ताई. माणूस भावोजी. ड्वार्फ धाकटा, नावापुढे कॅप्टनचा मुकुट. आणि दैत्य: आई.
आपली आई. जिला फोन उचलताना हिरवं दाबायचं की लाल, हे मी तीनदा शिकवून आलो होतो.
चूक झाली असणार. कंपनीला लिहायला हवं.

२४ जून
कंपनीला लिहिलं नाही. लॉन्ड्रीत जादा काम होतं.
सकाळी धर्मशाळेत गेलो होतो. दारातून सहज मावलो, वाकावंही लागलं नाही. आत शेकोटी आहे, बाक आहेत. ते सगळे केव्हाच डोंगरापलीकडे गेलेत. थोडा वेळ बसलो.

२७ जून
धाकट्याचा फोन! त्याने लावला, मी नाही.
म्हणाला, "दादा, तू न सांगता सोडलंस. ताई म्हणाली, कंटाळला असेल, कामं असतात त्याला, जाऊ दे." मी म्हणालो, हो, जरा कंटाळाच आला होता. मग तो सुटला. आई एका बोटाने खेळते, तरी ट्रोल नावाचा राक्षस मारला. लढताना ट्रोललाच ओरडते, "मेल्या, पोरांना हात लावशील तर बघ!" भावोजी हसून हसून सोफ्यावरून खाली पडले. मी विचारलं, आई धर्मशाळेत मावत नसेल, बाहेर एकटी काय करते? म्हणाला, "काय फरक पडतो रे, आम्ही सगळे एकाच सोफ्यावर."
विचारलं, कुणाचा सोफा?
"ताईचा. आम्ही इकडेच राहतो ना आता. आपलं घर भाड्याने दिलं. तुला सांगणारच होतो, पण आई म्हणाली, लांब आहे, उगाच जिवाला लावून घेईल."
मी म्हणालो, माहीत होतं मला. बरंच झालं, तिकडे नेटवर्कही चांगलं आहे.
मग सहज विचारलं, पाच जणांची टोळी होत नसेल ना रे? म्हणाला, "नाही दादा, चारच." आणि परत ट्रोलवर आला. आवाज फुटलाय त्याचा. मध्येच बाबांसारखा वाटतो. इतकं तो माझ्याशी जन्मात बोलला नव्हता. लंबू हाक मारत होता, चादरी साचल्या होत्या, मी हातानेच थांब म्हणालो.
एकंदरीत योजना यशस्वी. धाकटा बोलायला लागला.
कधी येतोस, हे तेवढं विचारायचं राहिलं त्याचं. आईने हाक मारली, ती कुठेतरी अडकली होती. तो पळाला.