टाचणीखालचं नाव

२ नोव्हेंबर १९५३, नौपाडा
आज विद्यापीठ संग्रहालयाच्या कीटकसंग्रहात रुजू झाले. चाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी. संग्रह इथल्या एका बंगल्यात हलवलाय. मागची खोली मला राहायला मिळाली. सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास. प्रमुख प्रभाकरराव म्हणाले, दोन दिवसांत तुमच्या आमटीलाही येईल. भुंग्याला टाचणी मधोमध नाही, उजव्या पंखावर टोचतात, हे त्यांनी दाखवलं. खाली चिठ्ठी: गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. चिठ्ठ्या लिहायचं काम माझं. माझं अक्षर त्यांना आवडलं.

९ नोव्हेंबर
प्रभाकरराव दौऱ्यावर. कळव्याच्या मिठागरात काम करणारी गोदा डबीत एक हिरवा भुंगा घेऊन आली. तिला वाचता येत नाही, पण चिठ्ठीचं कुणीतरी सांगितलं होतं. “माजा नाव लिवशील ना गो बाय?” तिच्यासमोरच लिहिलं. तिने त्यावरून हलकेच बोट फिरवलं.

१६ नोव्हेंबर
प्रभाकरराव परतले. भुंग्याची जात नवीच दिसते, म्हणाले. पकडणाऱ्याचं नाव या जातीला देऊ, पेटी आणा.
माझं नाव आजवर एकदाच छापलं गेलं, लग्नपत्रिकेत. दुसऱ्या दिवशी सासरी ते बदललं. हे मनात आलं, एवढंच. चिठ्ठी बदलायला कितीसा वेळ लागतो? गोदाची चिठ्ठी शेगडीत टाकली, माझ्या नावाची टोचली.
त्यांनी अभिनंदन केलं. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

२१ नोव्हेंबर
गोदा आली, कळव्याहून चालत. सुनेला नाव दाखवायला घेऊन. दारातच सांगितलं, भुंग्याला कसर लागली, फेकून दिला. “जाव दे गो, दुसरा आनीन,” म्हणाली. मलाच धीर दिला. पुडीत मीठ आणलं होतं, ते हातात ठेवून गेली.
आमटी अळणीच खाल्ली.

२३ नोव्हेंबर
भुंग्याचे पाय हलले. दोन आठवड्यांपूर्वी मेलेला भुंगा. चिठ्ठीवर गोदाचं नाव, माझ्या अक्षरात — ती तर मी जाळली होती. फाडली. पुन्हा माझं नाव लिहिलं. उजव्या खांद्यामागे काहीतरी टोचतंय.

२४ नोव्हेंबर
परत तिचंच नाव. परत चिठ्ठी फाडली. डॉक्टरांनी पाठ पाहिली, काही नाही म्हणाले. प्रभाकररावांना सांगायला गेले. त्यांनी शोधनिबंधाचा मसुदा वाचून दाखवला, त्यात माझं नाव — आणि मी ऐकत बसले. कळ आता छातीपर्यंत —

२५ नोव्हेंबर, दुपार
पेटी रिकामी. भुंगा नाही. टाचणीही नाही.
गादीवर आडवी झाले ती — उठता येत नाही. पाठीखाली कागद लागतोय. बाहेर प्रभाकरराव कुणाशी तरी हसतायत. हाक फुटत नाही. वहीपर्यंत हात पोचतो फक्त.
खरं लिहिते. आता तरी —
कळवा, मिठागर. ९ नोव्हेंबर १९५३. पकडणारी: गो