नवशाच्या खोलीचा पारा

१२ एप्रिल, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कारण: शाळेच्या नेत्रा मॅडमचा फोन. ५ जूनला पर्यावरण दिन, सुट्टी असली तरी मुलांना मैदानात बोलावणार, आणि प्रमुख पाहुणा म्हणून मीच हवा. विषय ग्लोबल वॉर्मिंग. शाल, श्रीफळ आणि 'वसुंधरा मित्र' पुरस्कार. भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावात गोदामवाले काय कमी आहेत? पण बोलावणं केसरीनाथलाच. माणसात काहीतरी असावं लागतं.
संकल्प: घरातला एसी २४ वर. गोदामावर सोलर. भाषण स्वतः लिहायचं.

१३ एप्रिल
एसी २२. डोकं गार असेल तरच सुचतं.

१८ एप्रिल
सोलरवाला बघून गेला. म्हणाला, दुपारी पत्र्यावर आंब्याची सावली पडते, पॅनल चालणार नाहीत. आंबा गोदामाच्या मागे, वॉचमन नवशाच्या खोलीवर झुकलेला. नवशाची ड्युटी रात्रीची. दिवसा त्याच आंब्याखाली खाट टाकून घोरत असतो. म्हणजे अख्खं झाड एका माणसाच्या झोपेसाठी! पृथ्वीचा विचार करायचा की नवशाचा?

२१ एप्रिल
आंबा पाडला. कैऱ्यांनी लगडलेला होता. कमळेनं घर डोक्यावर घेतलं. म्हणाली, ज्याच्या सावलीत तुमचा बापूस जेवला, त्यो तोडताना हात झडला न्हाय तुमचा? तीस वर्षांचा संसार, पण बायकोला सायन्स कळलं नाही ते नाहीच. शंभर रोपं लावीन म्हणून समजावलं. दोन पोती कैऱ्या निघाल्या, लोणचं घाल म्हटलं. घातलं नाही.

२६ एप्रिल
पॅनल बसले. आमच्या पोरानं, कुणालनं, ड्रोन उडवून व्हिडिओ काढला. वरून काय दिसतंय! त्याच जोशात नवशाच्या खोलीची लाईट तोडायला लावली. आता हा गडी सूर्यावर चालणार. सोलरचा मीटर यायचाय, पंधरा दिवसांत येईल म्हणतात. तोवर पंखा बंद. पण माझ्यात माणुसकी आहे. खोलीत उजेड यावा म्हणून छपराचा एक पत्रा काढून तिथं पारदर्शक शीट बसवून दिली. नवशा म्हणाला, शेट, मी तर दिवसा निजतो. अरे, थँक्यू म्हणावं माणसानं!

२ मे
भाषणाला आकडे हवेत. मानकोली नाक्यावरच्या रंगाच्या दुकानातून फुकट मिळालेला थर्मामीटर नवशाच्या खोलीत टांगला. त्याला वही दिली. रोज दुपारी दोनला पारा बघून आकडा लिहायचा. तिसरीपर्यंत शिकलाय, तेवढं जमतं.
लगेच तक्रारी सुरू. शेट, खोलीत भात शिजंल, छपरावर पेंढा टाकू का? नाही म्हटलं, ड्रोनमध्ये दिसतो. खिडकी उघडी ठेव म्हटलं तर ट्रकची धूळ येते म्हणे. परवा खाट ट्रकच्या सावलीत टाकली होती. गोदाम भाड्यानं घेतलेल्या कंपनीच्या मॅनेजरला ती कॅमेऱ्यात दिसली. ताकीद दिली. ओलं फडकं तोंडावर घे आणि गप पड, असा उपायही सांगितला. कोणता शेट इतकं करतो?

७ मे
आज वाचनात आलं: गाईम्हशींच्या ढेकरांतून मिथेन निघतो आणि त्यानं पृथ्वी तापते. कमळा रोज नवशाला तांब्याभर ताक पाठवते. बंद केलं. तत्त्व म्हणजे तत्त्व. मी लस्सी घेतो, पण ती डेअरीची. ती म्हैस आपली नव्हे.
एसी १८.

१५ मे
वही तपासली. ४३, ४४, ४४, ४६, ४७. नुसत्या थापा! मोबाईलवर भिवंडी ३९ दाखवतंय. नवशाला झाप झाप झापला. म्हणाला, पारा हाय तिथलंच लिवतो, शेट. वर तोंड करून! मी सगळ्या आकड्यांतून सहा-सहा वजा केले. लोकांचा विश्वास बसला पाहिजे.

१९ मे
युरेका! ग्रीनहाऊस इफेक्टला झकास उदाहरण सापडलं. उन्हात उभी केलेली बंद गाडी. काचेतून ऊन आत येतं, पण आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि आतला जीव उकडून निघतो. माणसाच्या डोळ्यासमोर असतं, तरी त्याला दिसत नाही. हे वाक्य भाषणात घेणे.

२४ मे
नवशा ड्युटीवर डुलक्या काढताना कॅमेऱ्यात सापडला. विचारलं तर म्हणे, वीस दिस डोळा लागला न्हाय. त्याची बायको रंजिता शेलारच्या पाड्यावरून आली. म्हणाली, चार दिस घरी नेते, सावलीत निजंल. म्हटलं ने की, पण पाच जूननंतर. मध्येच आकडे तुटले तर ग्राफ कसा निघेल? ती हात जोडून उभी राहिली. मग मीही जोडले. अडाणी माणसाला सायन्स समजावणं मोठं कठीण.

२९ मे
आकडा ४८. नवशानं उलटी केली म्हणून बघायला गेलो. डोळे लालभडक, बडबड असंबद्ध. आंब्याखाली खाट टाक म्हणत होता. आंबा कुठाय आता! पण अंगाला हात लावून पाहिला, घामाचा टिपूस नाही. म्हणजे आतून गार असणार. उगाच नाटकं. उद्या दुपारी दोनच्या आकड्याची आठवण करून देऊन आलो.

३० मे, संध्याकाळी ७
नवशा ड्युटीला उठला नाही. सहा वर्षांत पहिला खाडा.

३१ मे
डॉक्टर म्हणाले, उष्माघात. मी म्हटलं, ग्लोबल वॉर्मिंग. जागतिक प्रश्न आहे, तिथं एकटा केसरीनाथ काय करणार? रंजिता आली. वही आणून माझ्या हातात ठेवली. तीस तारखेला दोन वाजता ४९ लिहिलंय. जाता जाता पण थाप!
कमळा तिच्याबरोबर पाड्यावर गेलीय. चार दिवसांत राग उतरेल.

५ जून
कार्यक्रम रद्द. नेत्रा मॅडम म्हणाल्या, इतक्या उन्हात मुलांना मैदानात बसवणं बरं नाही, त्यांच्या जिवाची काळजी वाटते. कमाल आहे! नऊ पानांचं भाषण वाया. पुरस्कार घरपोच पाठवतील म्हणे.

८ जून
वॉचमन मिळेना. आज काळूराम आला, खोलीत डोकं घातलं आणि म्हणाला, शेट, यात तुमीच निजा. त्याच्याआधी तिघं पळाले. कंपनीचं पत्र आलंय: करारानुसार चोवीस तास जागेवर माणूस हवा, उद्यापासून नसेल तर गोदाम सोडतो. कुणालला बस म्हटलं. तो मित्रांबरोबर मनालीला निघालाय. इथं फार गरम होतंय त्याला.

९ जून, दुपारी २
मीच बसलोय. एका दिवसाचा तर प्रश्न. नवशाच्या खाटेवर लिहितोय. वरच्या शीटमधून ऊन बरोबर उशीवर पडतं. असली कसली शीट बसवली त्या मिस्त्रीनं! मीटर अजून आलेला नाही. ओलं फडकं पाच मिनिटांत वाळलं.
पारा ४९ वर. म्हणजे थर्मामीटर पहिल्यापासूनच बिघडलेला. नवशाला उगाच बोललो.

दुपारी ३
कमळेला फोन लावला. म्हटलं, तांब्याभर ताक तरी पाठव. तिनं विचारलं, मिथेनचं काय? आणि फोन ठेवला.

पावणेचार
दोन वेळा उलटी. अक्षर जरा हलतंय. पण मघापासून घामाच्या धारा लागल्या होत्या, त्या एकदम थांबल्या. टिपूस नाही. म्हणजे गार व्हायला लागलोय.