मिटलेलं तोंड

४ मार्च, मंगळवार

ठमी पुन्हा आली! खरं नाव वेगळं, पण आमच्या दातांच्या दवाखान्यात ती ठमीच. चार वर्षांची. खालच्या ओठात, आतल्या बाजूला, वाटाण्याएवढी गाठ. डॉक्टरांनी डिसेंबरमध्ये काढली होती, तपासणीत वाईट काही निघालं नव्हतं. तरी त्याच जागी परत! डॉक्टर म्हणाले, "पुन्हा काढू. या वेळी पूर्ण भूल देऊन."

आईचा चेहरा पांढराफटक. बाहेर येऊन मला हळूच — "ताई, ते... तसलं काही नसेल ना?" काय सांगणार! पुढच्या सोमवारची वेळ लिहून दिली. फोन, वेळा, फायली, सगळं सतरा वर्षं माझ्याकडेच.

६ मार्च, गुरुवार

आज शोध लागला. मला! मला लागला!

ठमी आईबरोबर रक्ताचा रिपोर्ट द्यायला आली होती. बाकावर बसून चित्र रंगवत होती. अगदी तल्लीन — आणि खालचा ओठ वरच्या दातांखाली गच्च धरलेला. गेल्या वर्षी ती पडली तेव्हा वरचा पुढचा दुधाचा दात कोपऱ्यात तुटलाय. तो कोपरा बरोब्बर गाठीवर!

आम्ही दवाखान्यातले शहाणे. मूल खुर्चीत बसलं रे बसलं की "आ कर". मिटलेलं तोंड बघतंय कोण? कापसाचा बोळा त्या दातावरून फिरवला. तंतू अडकले. धावतच डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बाकासमोर उकिडवं बसून पाहिलं. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं."

दाताचा फोटो काढला, मूळ ठीक आहे. धारदार कोपरा घासून गुळगुळीत केला. भूल रद्द! तीन आठवडे वाट बघायची.

घरी ह्यांना तिखटमीठ लावून सांगितलं. म्हणतात, "मग दवाखान्याची पाटी कधी बदलायची?" बदला की! आज मी कुणाला ऐकत नाही.

१७ मार्च, सोमवार

गाठ मसुराएवढी. ठमीला विचारलं, ओठ चावतेस का गं? "आता टोचतच नाही, मग मज्जा येत नाही!"

२७ मार्च, गुरुवार

गेली! बोट फिरवून पाहिलं, ओठ मऊसूत. ठमीची आई खुर्चीशेजारीच रडायला लागली. डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलं — "कारण ताईंच्या लक्षात आले." माझ्या नावावर फाइलमध्ये पहिल्यांदाच काही! ते पान मी दोनदा उघडून वाचलं. खोटं कशाला बोलू, चारदा.

२९ मार्च, शनिवार

ठमीची आई फुलं घेऊन आली. म्हणाली, "ती पडली त्याच दिवशी मी इथं फोन केला होता, ताई. कोण बाई होत्या कोण जाणे! म्हणाल्या, 'दुधाचाच दात ना? पडणारच आहे तो. कशाला आणताय?' म्हणून आणलं नाही. अशा बाईंना ठेवू नका हो. तुमच्यासारखी माणसं हवीत."

मी फुलं घेतली. "हो ना," म्हणाले.

आमच्याकडचा फोन माझ्याशिवाय कुणीच उचलत नाही.