बारपूजेला वाचायचं कलम

मी, हरिसाधन सनातन साँतरा, वय ७३, राहणार शालकिया, हावडा, बागमारी स्पोर्टिंग या फुटबॉल क्लबचा एके काळचा राइट विंगर, माझ्यामागे काय व्हावं ते या कागदावर लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. डावा गुडघा १९७० सालीच कामातून गेला, पण मृत्युपत्राला गुडघा लागत नाही असं वकील लाहिडीबाबू म्हणतात. कोणी दडपण आणलेलं नाही. आणायला घरात आहे कोण?

कलम १. दीड खोलीचं राहतं घर भाची कृष्णा हिला. लग्न मी केलं नाही. लंगड्यालाही मुली सांगून येत होत्या, माझंच मन धजलं नाही. कृष्णाने दहा वर्षं मला मासे-भात रांधून घातला आणि 'मामा, पाय शाबूत असता तर' असं एकदाही म्हणाली नाही. एवढ्यासाठीच घर तिचं.

कलम २. बँकेतली शिल्लकही तिची. श्राद्ध साधं करावं. क्लबचे सेक्रेटरी हार घेऊन येतील, त्यांना चहा द्यावा, भाषण करू देऊ नये. पाय धड होता तोवर हा क्लब मला न्यायला टॅक्सी पाठवायचा. ऑपरेशननंतर तीन महिन्यांत माझे बूट पिशवीत घालून घरी पोचवले.

कलम ३. ते बूट बिमान दलुईला. का, ते लिहायलाच हवं.

१९७० च्या वैशाखाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे आमच्या बंगाली नववर्षाला, बारपूजेला, गोलपोस्टला सिंदूर लावून, हार घालून झाल्यावर मी खांबावर हात ठेवून नवा कप्तान म्हणून शब्द दिला की यंदा क्लबखेरीज कुठे खेळणार नाही. तिसऱ्याच दिवशी आरामबागकडे खेप खेळायला गेलो. खेप म्हणजे गावच्या सामन्यात बिदागी घेऊन, खोट्या नावाने खेळणं. सगळेच चोरून जायचे, पण कळलं असतं तर कप्तानी गेली असती. शेतातल्या खड्ड्यात पाय मुरगळला. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचं मला ऐकू आलं. चुना-हळद लावली, घट्ट बांधलं आणि गप्प बसलो.

महिन्याभराने बिमानच्या संघाशी सामना होता. विसाव्या मिनिटाला मी वळलो आणि गुडघा आपला आपण गेला. बिमान हातभर लांब होता. पडता पडता मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

पुढचं लोकांनी केलं. रेफ्रीने त्याला बाहेर काढलं, घरावर विटा पडल्या, त्याच्या क्लबने त्याचं नाव कापलं. बावीस वर्षांचा पोरगा, माझ्याहून मोठा खेळाडू झाला असता. जन्मभर ज्यूटमिलमध्ये राबला. दर विजयादशमीला नारळाचे लाडू घेऊन येतो, मिठी मारतो, म्हणतो, "हरीदा, माफ केलंस ना?" मी म्हणतो, "जाऊ दे रे, झालं ते झालं." एकोणपन्नास वर्षं मी त्याला मोठ्या मनाने माफ करतोय. लाज वाटते मला माझी.

म्हणून माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या बारपूजेला हे कलम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. जिवंतपणी माझी छाती होत नाही.

पुरवणी. लाहिडीबाबू म्हणाले, ज्याच्यावर आळ आला त्याला आधी दाखवा. आज त्यांच्यासमोरच बिमानला बोलावलं. चष्मा लावून त्याने दोनदा वाचलं. चहा तसाच गार झाला.

"माझी पोरं विचारायची, बाबा, खरंच तुम्ही मोडलात का त्यांचा पाय? मी हो म्हणायचो," तो म्हणाला. "मलाच वाटायला लागलं होतं, की लागला असेल."

मी हात जोडले. त्याने कागद माझ्याकडे सरकवला.

"तू मेल्यावर वाचलं तर मला काय उपयोग? मीच आधी गेलो तर? तेरा दिवसांनी बारपूजा आहे. तूच वाच."

"बिमान, माझ्याच्याने नाही व्हायचं."

"मी शेजारी उभा राहतो. आणि बूट नकोत मला. साक्षीदार कोण?"

साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही, असं लाहिडीबाबूंनी समजावलं.

"मग मीच करतो सही."

म्हणून कलम ३ चा शेवटचा परिच्छेद रद्द. १५ एप्रिलला मी स्वतः वाचेन. बूट कृष्णाने फेकून द्यावेत.

शालकिया, हावडा
२ एप्रिल २०१९

हरिसाधन साँतरा

साक्षीदार:
१) सोमेश्वर लाहिडी, वकील. सही माझ्यासमोर झाली.
२) बिमान दलुई. सही माझ्यासमोर झाली. माझा पाय लागला नव्हता.